रडव्या गुरुजींची गोष्ट

परदेशांतील एखादी कथा पाहून आपले डोळे पाणावले, तर त्याबद्दल लाज वाटण्याचें कांहींच कारण नाहीं. परंतु डोळे पुसून झाल्यावर, आपलें मन नेमकें कशानें हेलावलें, हा प्रश्न प्रत्येक सुज्ञ मनुष्यानें स्वतःस विचारावा. तो न विचारल्यास चांगल्या कथेंतूनहि भलताच बोध पदरीं पडतो. अशाच एका जपानी कथेविषयीं आमच्या विद्यार्थ्यांशीं व त्यांच्या पालकांशीं दोन शब्द बोलावयाचे आहेत.

जपानांतील टीबीएस या दूरचित्रवाणी संस्थेनें १९८४ च्या ऑक्टोबरपासून १९८५ च्या एप्रिलपर्यंत 'स्कूल वॉर्स' नांवाची २६ भागांची मालिका दाखविली. 'रडव्या गुरुजींचें सात वर्षांचें युद्ध' अशा अर्थाचें तिचें उपशीर्षक होतें. त्या सुमारास जपानांतील पुष्कळ शाळांत मुलांची दंडेली माजली होती, आणि मालिकेंतील कावाहामा हायस्कूल हें अशाच शाळेचें चित्र आहे. तेथें खिडक्यांच्या कांचा फुटतात आणि वर्गांपुढील वाटेंतून मोटारसायकल धांवते. अशा ठिकाणीं ताकिझावा केन्जी नांवाचा, एके काळीं जपानच्या राष्ट्रीय संघांतून रग्बी खेळलेला शिक्षक येतो, आणि त्याच खेळाच्या द्वारें मुलांना माणसांत आणण्याचा निश्चय करतो. पंधरा गडी एका बाजूस, पंधरा दुसऱ्या बाजूस, आणि मध्यें एक अंडाकृति चेंडू, असा हा खेळ आहे. एकट्याच्या पराक्रमानें तो जिंकतां येत नाहीं.

ही कथा रचलेली असली तरी तिचा पाया खरा आहे. क्योतो शहरांतील फुशिमी तांत्रिक हायस्कूल येथें यामागुची योशिहारू हे राष्ट्रीय संघांतील माजी खेळाडू शिक्षक म्हणून आले. १९७५ सालीं त्यांच्या संघाचा क्योतोमधीलच हानाझोनो हायस्कूलनें ११२ विरुद्ध ० असा धुव्वा उडविला. पुढच्याच वर्षीं त्यांच्या मुलांनीं त्याच प्रतिस्पर्ध्यास हरविलें, आणि १९८१ च्या जानेवारींत ओसाकाच्या एका शाळेवर ७ विरुद्ध ३ अशी मात करून तो संघ सर्व जपानांत पहिला आला.

मालिकेंत त्या पराभवाचा आंकडा १०९ विरुद्ध ० असा आहे. सामना संपल्यावर मुलें कपडे बदलतांना हंसत-खिदळत आहेत, जणूं कांहीं घडलेंच नाहीं. तें पाहून गुरुजींचा संताप अनावर होतो. समोरचीं मुलेंहि तुमच्याच वयाचीं, त्यांचे हातपायहि तुमच्यासारखेच. मग तुम्हांस याची खंत कशी वाटत नाहीं, असें ते विचारतात. हळूहळू हंसूं मावळतें. एकेक मुलगा रडूं लागतो, आणि आम्हांला जिंकावयाचें आहे असें सर्वजण ओरडून सांगतात. त्यानंतर गुरुजी, मी आतां तुम्हांस मारणार आहें असें बजावून, प्रत्येकाच्या तोंडांत लगावतात. या मालिकेंतील अत्यंत गाजलेला प्रसंग तो हाच.

आतां हा प्रसंग पाहून कित्येक मोठीं माणसें मान डोलावतात आणि म्हणतात, "पाहा, मुलें सुधारलीं तीं मारानें!" आमचें म्हणणें असें कीं, हा निष्कर्ष त्या कथेंतूनच निघत नाहीं. घटनांचा क्रम लक्षांत घ्यावा. पहिला तडाखा बसण्यापूर्वींच मुलें रडत होतीं व जिंकण्याची आकांक्षा बोलून दाखवीत होतीं. जें घडावयाचें तें घडून गेलें होतें, आणि तें एका प्रश्नानें घडविलें होतें. या मुलांना आजवर कोणीं मोलाचें मानलेंच नव्हतें. त्यांच्या हरण्याचें दुःख होणारा एक मनुष्य त्यांस प्रथमच भेटला. त्यानंतरचा मार अगदीं वगळला, तरी कथेचें कांहींहि अडत नाहीं.

दुसरी गोष्ट. जपानांतील हायस्कूलचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा असतो. म्हणजे खऱ्या फुशिमीच्या शाळेंत १९७५ सालीं ज्यांनीं ती मानहानि सोसली, तीं मुलें १९८१ सालच्या विजयापूर्वीं केव्हांच शाळा सोडून गेलीं होतीं. एका दिवसाच्या जळजळीत शब्दांनीं पांच वर्षांनंतरचा विजय मिळत नसतो. तो मिळतो रोजच्या सरावानें, आणि एका तुकडीनें दुसऱ्या तुकडीस दिलेल्या वारशानें. मालिकेच्या नांवांतहि चपराकेचा उल्लेख नाहीं. तेथें आहेत गुरुजींचे अश्रु आणि सात वर्षें.

या कथेंत इसप या टोपणनांवाचा एक मुलगा आहे. तो शरीरानें दुबळा; मैदानावर त्याचा फारसा उपयोग नाहीं. पुढें मेंदूंतील गांठीच्या आजारानें तो मरण पावतो. परंतु संघाच्या पोशाखावरील सिंहाचें चिन्ह त्याच्याच हातचें आहे. तें चित्र कोणीं त्याच्याकडून मारून काढून घेतलें नव्हतें. ज्या संघांत दुबळ्या मुलासहि स्वतःची जागा आहे असें वाटलें, त्या संघास त्यानें आपण होऊन तें दिलें.

मार हा केवळ निरुपयोगी असता तर हा लेख लिहिण्याचें प्रयोजन नव्हतें. तो घातकहि आहे. २०१२ च्या डिसेंबरांत ओसाका शहरांतील एका सार्वजनिक हायस्कूलच्या बास्केटबॉल संघाचा कर्णधार, अवघा सतरा वर्षांचा मुलगा, आपल्या शिक्षकाकडून वारंवार मार खात असतां, स्वतःचें जीवन संपवून गेला. पुढील वर्षीं न्यायालयानें त्या शिक्षकास दोषी ठरविलें. वस्तुतः शाळेंतील मारास जपानांत १८७९ सालच्या शिक्षणविषयक हुकुमानेंच मनाई केली होती, आणि १९४७ च्या शालेय शिक्षण कायद्याच्या अकराव्या कलमानेंहि ती केली. म्हणजे मालिकेंतील गुरुजींनीं हात उगारला तेव्हां तें कृत्य त्यांच्या देशांत बेकायदेशीरच होतें. २०२० च्या एप्रिलपासून तर आईबापांनींहि मुलांस मारूं नये, असा तेथील कायदा आहे. आपल्याकडेहि २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यानें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांस शाळेंत शारीरिक शिक्षा करण्यास बंदी घातली आहे.

यावर एक आक्षेप नेहमीं येतो: "आम्हीं गुरुजींच्या छड्या खाल्ल्या, म्हणूनच आम्ही आज कांहींतरी झालों." ही कृतज्ञता खोटी नव्हे. पण असें बोलणारे गृहस्थ हे टिकून राहिलेले असतात. ज्यांचें मन छडीनें शाळेवरून कायमचें उडालें, ते माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यास येत नाहींत, आणि त्यांची साक्ष कोणी नोंदवीत नाहीं. शिवाय, ज्या गुरुजींची आठवण आपण आदरानें काढतों, त्यांनीं संध्याकाळीं थांबवून घेऊन शिकविलेलें गणितहि आपणांस आठवतें कीं नाहीं? मग श्रेय छडीसच कां द्यावें?

पालकहो, मुलगा नापास झाला, तर हात उगारण्यापूर्वीं त्याला स्वतःला काय वाटतें तें एकदां विचारा, आणि उत्तर येईपर्यंत धीर धरा. विद्यार्थी मित्रहो, जो तुमच्यासाठीं कष्टतो व तुमच्या हरण्यानें कष्टी होतो, त्या शिक्षकाचें ऋण विसरूं नका. पण कोणाच्या माराचें अथवा अपमानाचें ओझें मनावर पडलें, तर तें मुकाट्यानें वाहूं नका. आई, वडील, शिक्षक, ज्या कोणावर विश्वास असेल त्याला सांगा. सांगणें हा भित्रेपणा नव्हे.

रडव्या गुरुजींचें युद्ध सात वर्षें चाललें. मारावयास एक क्षण पुरतो. मुलांपाशीं सात वर्षें उभें राहण्यास मनुष्य लागतो. या कथेंतून अनुकरण करावयाचेंच असेल, तर तें त्या सात वर्षांचें करावें.