नियम थोडे, निर्णय ज्येष्ठांचा

सुटीत आलेल्या नातवंडांच्या पिशवीतून अलीकडे पत्त्यांच्या कॅटऐवजी एखादे जाडजूड पुस्तक आणि नाना आकारांचे फासे बाहेर पडतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हे नाव आपण त्यांच्या तोंडून ऐकले असेल. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी १९७४ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेला हा खेळ. याला पट लागतोच असे नाही आणि रूढ अर्थाची हारजीतही यात नसते. एकजण सूत्रधार होतो, इतर प्रत्येकी एका पात्राची भूमिका घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो : पुलाखाली राक्षस घोरत पडला आहे, उशाशी किल्ल्यांचा जुडगा आहे, आता आपण काय करणार? आजी म्हणतात, “त्याला उठवते आणि आधी जेवलास का, ते विचारते.” राक्षस विरघळतो की खवळतो हे फासे ठरवतात आणि गोष्ट पुढे सरकते. वेताळ पंचविशी ऐकत वाढलेल्या पिढीला हा साचा परका वाटू नये. तिथेही गोष्ट संपली की वेताळ प्रश्न टाकतो आणि उत्तर राजालाच द्यावे लागते.

वृद्धापकाळी, विशेषतः आजारपणात, माणसाच्या वाट्याला येणारे प्रश्न निराळे असतात. गोळी घेतली का, पाणी किती प्यालात, काल कोण आले होते ते आठवते का? यांतील प्रत्येक प्रश्नाचे बरोबर उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक असते. खेळातला प्रश्न तसा नसतो. तिथे ज्येष्ठ जे ठरवतील ते घडू लागते. खेळ निवडताना जपायची गोष्ट हीच आहे. आणि नियमांचा पसारा वाढला की प्रथम तीच हरवते. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या आवृत्तीतील खेळाडूंचे पुस्तक तीनशेहून अधिक पानांचे आहे. नातू दर दोन मिनिटांनी “आजोबा, तुम्हाला असे करता येणार नाही” म्हणू लागला, तर आजोबा पुन्हा परवानगी मागणाऱ्याच्या खुर्चीत जाऊन बसतात.

म्हणून हलक्या नियमांचा खेळ. हलका म्हणजे पोरकट नव्हे, हे मात्र शुश्रूषा करणाऱ्यांनी मनाशी पक्के करावे. निवड करताना दोन गोष्टी पाहाव्यात : खेळाडूला डोक्यात किती धरून ठेवावे लागते, आणि ‘मी असे करतो’ म्हटल्यावर किती वेळा पुस्तक उघडावे लागते.

या कसोटीवर मी पहिली पसंती देईन ती एस. जॉन रॉस यांच्या ‘रिसस’ला. नियम जेमतेम सहा पानांचे आणि विनामूल्य मिळणारे. लागतात ते आपले नेहमीचे सहा बाजूंचे फासे. प्रत्येक पात्राला दहा फासे मिळतात आणि ते त्याच्या ओळखींमध्ये वाटायचे. ‘गावची वैदू’ला चार, ‘भांडकुदळ शेजारीण’ला तीन, ‘भुतांना न घाबरणारी’ला तीन, एवढ्यावर पात्र तयार! काही अवघड करायचे झाले, तर त्या ओळखीचे फासे टाकून बेरीज करायची आणि सूत्रधाराने सांगितलेला आकडा गाठायचा. आकडा दहा असेल तर चार फाशांनी तो दहापैकी नऊ वेळा साधतो, दोन फाशांनी सहापैकी एकदाच. त्यामुळे आपले पात्र कशात तरबेज आहे, हे ज्येष्ठांना नियम न वाचताच कळते. शिवाय निवृत्त शिक्षिकेने किंवा पोस्टमास्तरांनी आपला जुना पेशाच पात्राला दिला, तरी खेळ तो सामावून घेतो. बेरीज त्यांची त्यांनाच करू द्यावी. मदतीची घाई नको.

योचाई गाल यांचा ‘केर्न’ तरुण खेळाडूंत आवडता आहे. तोही छोटा, विनामूल्य, आणि मुक्त परवान्याचा असल्याने मराठीत उतरवून मोठ्या टंकात छापून घेण्यासही मोकळा. तरीही ज्येष्ठांचा पहिला खेळ म्हणून तो मला फारसा रुचत नाही. एकतर वीस बाजूंचा फासा लागतो. त्यात आपल्या गुणाच्या आकड्याइतके किंवा त्याहून कमी दान पडले तर यश! जन्मभर सारीपाटावर आणि सापशिडीवर मोठ्या दानाची वाट पाहिलेल्या माणसाला हे उलटे गणित प्रत्येक खेपेस नव्याने समजावावे लागते. शिवाय त्यात पात्रे चटकन मरतात. नुकताच जोडीदार गमावलेल्या व्यक्तीसमोर ते नकोच.

आयझॅक विल्यम्स यांच्या ‘माउसरिटर’मध्ये पात्रे म्हणजे शूर उंदीर. फासे तिथेही वीस बाजूंचेच, पण त्यातील एक युक्ती कोणत्याही खेळात उसनी घ्यावी अशी आहे. पात्राजवळच्या प्रत्येक वस्तूची कागदी चकती पात्राच्या कागदावरील चौकटीत मांडून ठेवायची. ‘भूक लागली आहे’ ही अवस्थासुद्धा चकतीच, आणि तीही जागा अडवते. काय जवळ आहे हे आठवावे लागत नाही, समोर दिसते. फक्त चकत्या घरीच जाड पुठ्ठ्याच्या, पोहे खायच्या बशीएवढ्या नाही तरी निदान बिस्किटाएवढ्या कराव्यात.

ज्यांना आकडेच नकोसे वाटतात त्यांच्यासाठी ॲलेक्स रॉबर्ट्स यांचा ‘फॉर द क्वीन’. फासे नाहीत, सूत्रधारही नाही. सारे राणीसोबत दूरच्या प्रवासाला निघालेले. पत्ता उचलायचा, त्यावरचा राणीविषयीचा प्रश्न वाचायचा, उत्तर द्यायचे. पत्ते इंग्रजीत आहेत, तेव्हा कोणीतरी मराठीत सांगत जावे. मधोमध फुलीचा एक पत्ता ठेवलेला असतो. एखादा विषय नकोसा वाटल्यास त्यावर बोट ठेवायचे, कारण सांगायचे नाही. ही सोय इतर खेळांतही ठेवावी. वयोवृद्धांच्या मनात कोणती जखम कुठे आहे, हे मुलांनाही नेहमी ठाऊक नसते.

याने स्मृतिभ्रंश टळतो का, असे विचारले जाईल. पंचाहत्तरीपुढील ४६९ व्यक्तींचा न्यूयॉर्कमधील एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात वाचन, बैठे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांमध्ये स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. पण ज्याचा आजार आतून सुरू झाला आहे तो खेळापासून आधीच दूर गेलेला असू शकतो; म्हणून यास औषध समजू नये. मला अधिक मोलाचे वाटते ते ॲन बास्टिंग यांचे ‘टाइमस्लिप्स’ हे अमेरिकेतील काम. स्मृतिभ्रंश झालेल्यांना एखादे चित्र दाखवून मोकळे प्रश्न विचारायचे आणि येईल ते उत्तर गोष्टीत लिहून घ्यायचे. ‘आठवते का?’ हा प्रश्नच तिथे नाही, ‘पुढे काय होईल?’ हा आहे. स्मृती क्षीण झालेल्या ज्येष्ठांबरोबर ‘रिसस’ही जड जात असेल, तर फासे बाजूला ठेवून एवढेच करावे.

मात्र ज्यांना भास होतात, किंवा संध्याकाळ झाली की ज्यांचा गोंधळ वाढतो, त्यांच्याबाबत आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. भुते-राक्षस त्यांना खरे वाटू शकतात. इतरांनीही खेळ सकाळी किंवा दुपारच्या चहानंतर ठेवावा, पाऊण तासात थांबवावा. श्रवणयंत्र असेल तर एका वेळी एकानेच बोलावे आणि पंखा-टीव्हीचा आवाज नसावा. हात कापत असल्यास फासे वाटीत हलवून थाळीत उपडे करावेत. तेही जमत नसल्यास टाकण्याचे काम दुसऱ्याने करावे, पण कशासाठी टाकायचे ते ज्येष्ठांनीच सांगावे.

आणि सूत्रधार नेहमी नातूच का? गोष्टी सांगण्याचा हातखंडा ज्यांना आहे, त्या आजींनाच ते आसन द्यावे. दिवसभर शुश्रूषा करणाऱ्या सुनेलाही मग तासभर फक्त खेळाडू होता येते. घडलेले एका वहीत कोणीतरी ठळक अक्षरांत टिपत जावे आणि पुढच्या बैठकीच्या आरंभी ते पान मोठ्याने वाचावे. मागच्या वेळी काय झाले होते, हे आजोबांना विचारू नये.