शंभराला एक

आमच्या भाट्याला नारळ संशोधन केंद्र आहे, १९५५ पासूनचं. बियाण्याचे नारळ कुठल्या माडाचे घ्यावेत, याचं तिथलं उत्तर ठरलेलं : वर्षानुवर्षं सारखं, ऐंशीच्या वर नारळ देणाऱ्या माडाचे. एका साली लगडला आणि पुढच्या साली रुसला, तो माड बाद. शर्यतीच्या घोड्यांबद्दल वाचताना मला हा नियम सारखा आठवतो, कारण तिथे एका दुपारच्या धावेवर पुढच्या पिढ्यांचा भाव ठरतो.

१९०८ ची एप्सम डर्बी घ्या. सिग्नोरिनेटा नावाच्या घोडीचा भाव होता १०० ला १. ती जिंकली. दोनच दिवसांनी ओक्सही जिंकली, त्यामुळे ‘नशीब हो!’ म्हणून सोडून द्यायची सोय राहिली नाही. तिचा मालक जिनिस्ट्रेली, न्यूमार्केटला राहणारा इटालियन. तिची आई सिग्नोरिना बरीच वर्षं वांझ राहिलेली. मग या गृहस्थांनी तिला दाखवला शालरो, एक स्वस्तातला घोडा. का, तर दोघांचं एकमेकांवर प्रेम आहे म्हणे! सगळं गाव हसलं असणार. मलाही हसू येतं, पण डर्बी त्याच्याच घरी गेली.

पुढे मात्र सिग्नोरिनेटाच्या एकाही शिंगराला आईची उंची गाठता आली नाही. यात तिचा दोष तरी काय? घोडी अकरा महिने गाभण, वर्षाला एक शिंगरू. आयुष्यात दहाबारा. एवढ्यावर रक्ताची पारख होत नाही. नराचं तसं नाही. थरोब्रेडमध्ये कृत्रिम रेतन चालत नाही, तरी चारपाच वर्षांत त्याची शंभरावर शिंगरं दिसतात.

उलटं उदाहरण आपल्या पुण्याचं. १९९० च्या एप्सम डर्बीत सगळ्यांचा पैसा रझीनवर. आला चौदावा! पुढे तोच पूनावालांच्या स्टड फार्मवर आला आणि अनेक वर्षं भारतातला अव्वल जनक ठरला. बाप नॉर्दर्न डान्सर, हे खरं. पण त्या बापाची सगळीच मुलं काही अशी निघाली नाहीत.

तेव्हा विजयही फसवतो आणि वंशावळही. खरी पारख शिंगरं धावल्यावरच. पण तोवर थांबायला कुणाला सवड आहे? डर्बी जिंकलेल्या घोड्याची फी बहुधा पहिल्याच वर्षी सर्वांत चढी असते, त्याचं एकही शिंगरू धावलेलं नसताना.