आधीं पाणी, मग प्रेक्षणीय स्थळ

मिठी नदीचा कांठ सुशोभित करून तेथें नगरजनांनीं सायंकाळीं फिरावयास यावें, ही कल्पना गेलीं वीस वर्षें निरनिराळ्या रूपांनीं पुढें येत आहे. उपनगरांत मोकळ्या जागेचा दुष्काळ आहे. तेव्हां हेतूबद्दल आमचा वाद नाहीं. आमचा आक्षेप आहे तो क्रमाबद्दल.

मिठी ही आतां नांवाचीच नदी होय. १८६० सालचा विहार व १८९१ सालचा पवई या दोन तलावांवरून ओसंडलेलें पाणी घेऊन ती साकीनाका, कुर्ला या वाटेनें माहीमच्या खाडीस मिळते. विमानतळापाशीं तिला काटकोनांत वळविलें, दोहों बाजूंस भिंती घातल्या; आणि पाऊस सरला म्हणजे तिच्यांत वाहतें तें मुख्यतः वस्त्यांचें सांडपाणी. म्हणजे हा माणसानेंच घडविलेला कालवा आहे. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रुझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हां या कालव्यानें आपलें खरें स्वरूप कुर्ला-कालिन्यास दाखविलें. पुढें प्राधिकरण स्थापन झालें, पात्र रुंद झालें, वांद्रे-कुर्ला संकुलाकडे फिरण्याची वाटही झाली. परंतु नाकास रुमाल लावून हवा खाण्यास कोण जाईल?

कोणी सेऊल शहराचा दाखला देतील. दाखला उत्तम आहे, पण तो पुरता वाचावा. तेथें चोंग्येचॉन ओढ्यावरील उन्नत रस्ता पाडून २००५ सालींच तो लोकांस खुला केला. मात्र सांडपाण्यास निराळ्या वाहिन्या दिल्या, आणि हान नदीचें पाणी यंत्रांनीं खेचून त्यांत सोडलें. शोभा मागाहून आली.

इकडे गाळ काढण्याच्या कामांत सुमारें ६५ कोटी रुपयांच्या अपहाराच्या आरोपावरून मुंबई पोलिसांनीं २०२५ सालीं गुन्हा नोंदविला. आरोप म्हणजे शाबिती नव्हे. परंतु हिशेब मागण्याचा करदात्याचा हक्क शाबितीची वाट पाहत नाहीं. किती मलवाहिन्या जोडल्या व पाण्याची तपासणी काय सांगते, हें महापालिकेनें दरमहा मराठींत प्रसिद्ध करावें. कांठच्या गरिबांस घर व शौचकूप न देतां केवळ हुसकून लाविल्यानें पाणी शुद्ध होत नाहीं, हेंही ध्यानांत धरावें.

आमच्या व्यापारी बंधूंसही विनंती आहे कीं, ज्या पात्रांत तेलाचीं पिपें धुवावयाचीं, त्याच्याच कांठीं मुलांस फिरावयास न्यावयाचें, हीं दोन्ही एकदम साधणार नाहींत. दिव्यांचे खांब केव्हांही उभारतां येतील. पहिला रुपया वाहिनीवर खर्चावा.