बचावपटूची कामगिरी


फुटबॉलमधील थोर बचावपटू पाहायचा तर जर्मनीच्या बेकेनबाउरकडेच पाहावे लागते, हे बोईसरच्या पत्रलेखकाचे मत मुंबईच्या राहुल भेकेवर अन्याय करणारे आहे. १७ मार्च २०१९ रोजी आयएसएलच्या, म्हणजे देशातील अव्वल व्यावसायिक लीगच्या, अंतिम सामन्यात जादा वेळेत त्याच्याच हेडरने बंगळुरूने गोव्याला १-० असे हरवले. २०२२ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये भारतीय क्लबला पहिला विजय मिळाला, तोही इराकच्या एअर फोर्स क्लबविरुद्ध त्याच्या निर्णायक गोलामुळे. तरीही सेंटर-बॅकचे, म्हणजे गोलरक्षकापुढील मधल्या बचावपटूचे, खरे काम गोल रोखण्याचे असून त्याची नोंद गुणफलकावर होत नाही, म्हणून पालघर-तारापूरच्या शाळांतून ते काम आवर्जून शिकवले जावे.

— एक वाचक, पालघर