माल विकण्यात लाज कसली?

शहापूर-मुरबाडकडची आपली काही मुले आता शिकायला परदेशी जातात. पदवीनंतर तिथेच कुणी विक्रीच्या नोकरीला लागला, की गावात कुजबुज सुरू : एवढे शिकून मालच विकायचा? ही कुजबुज आम्हाला मान्य नाही. बडोद्यात राहायला जागा मिळेना म्हणून १९१७ साली बाबासाहेब मुंबईला परतले आणि त्यांनी शेअर-व्यापाऱ्यांना सल्ला देणारी पेढी काढली. गिऱ्हाईक येऊ लागले. सल्लागार अस्पृश्य आहे असे कळताच ते फिरकेनासे झाले, पेढी बुडाली. कोलंबियाची विद्या बाजाराच्या दारात अडली. त्याच दारातून आमची पोरे आज आत जात असतील, तर नाके कसली मुरडता?

मुलांनी मात्र हिशेब नीट करावा. ब्रिटनमध्ये पदवीनंतर कामासाठी मिळणारी दोन वर्षांची मुदत १ जानेवारी २०२७ पासूनच्या अर्जांना दीड वर्षच आहे (पीएचडीवाल्यांचे वेगळे). तेव्हा शिकतानाच, आठवड्याच्या २० तासांच्या परवानगीत, दुकानात उभे राहून गिऱ्हाईक ओळखायला शिका. आपल्या इंग्रजी उच्चारांची लाज धरू नका.

राज्याच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या जागा वर्षाला अवघ्या ७५. शासनाने त्या वाढवाव्यात, आणि अर्ज भरून देणारा जाणकार माणूस शहापूर-मुरबाडलाही बसवावा.