पहारेकरी, यंत्रे आणि नवागत

आंतरजालावरच्या चर्चा स्पॅमने मारल्या, असे म्हणण्याची आता रीतच पडली आहे. जुन्या सदस्यांच्या स्मरणरंजनात हे विधान हमखास येते आणि ते एकदा करून झाले की उपस्थित मंडळी माना डोलावून गप्प होतात, कारण स्पॅमची बाजू घेणारा कोणी नसतो. आमचे म्हणणे थोडे वेगळे आणि बरेच कडवट आहे. जाहिरातींच्या आणि बॉटांच्या लोंढ्याने जे नुकसान केले, त्याहून मोठे नुकसान त्या लोंढ्याला घाबरून आपण जी दारे बांधली त्यांनी केले. स्पॅम पाठवणाऱ्याला ती दारे फार काळ अडवू शकली नाहीत. नवा माणूस मात्र त्यांच्यापाशी थबकला आणि परत गेला.

हे आम्ही त्रयस्थपणे बोलत नाही. आमच्यापैकी काहींनी काही वर्षे एका मराठी साहित्यचर्चेच्या स्थळाचे संपादन केले. सकाळी उठून औषधांच्या, कर्जांच्या आणि जुगाराच्या जाहिराती उडवायच्या आणि मगच चहा घ्यायचा, असा तो क्रम होता. एका रात्री एका नव्या आयडीने तासाभरात बारा जुन्या धाग्यांवर प्रतिसाद टाकले. सगळे जवळपास सारखे: लेख फार आवडला, असेच लिहीत राहा. बॉटाची म्हणून जी लक्षणे आम्ही पाठ केली होती ती सगळी त्यात होती. नुकतीच झालेली नोंदणी, अपरात्रीची वेळ, कोणी न उघडणारे जुने धागे, साचेबंद स्तुती. आम्ही बाराही प्रतिसाद उडवले आणि आयडी बंद केला. एकमेकांना विचारावे असेही कोणाला वाटले नाही. महिनाभराने संपादकांना एक विरोप आला. लिहिणाऱ्या बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होत्या. दोन वर्षे त्या वाचनमात्र होत्या. एका रात्री धीर करून त्यांनी नोंदणी केली आणि ज्या बारा लेखांनी त्यांना काही दिले होते त्या बारांखाली आभार मानले. आपले काय चुकले, एवढेच त्यांनी विचारले होते. आम्ही क्षमा मागितली, प्रतिसाद पुन्हा लावले, आयडी खुला केला. त्यानंतर त्यांनी एक अक्षरही लिहिले नाही.

आता, या प्रसंगातून ‘चाळणी अधिक सूक्ष्म हवी होती’ असा निष्कर्ष काढणारे पुष्कळ आहेत. त्यांच्याशीच आमचा वाद आहे. चाळणी कितीही सूक्ष्म केली तरी तिला लाजाळू माणूस आणि निर्लज्ज यंत्र यांतला भेद कळणार नाही. दोघेही पहिल्या दिवशी ठरावीक वाक्येच बोलतात. ज्याला परक्या घरात बोलायचा सराव नाही तो साच्याचा आधार घेतो. सभेत प्रथम उभा राहिलेला विद्यार्थीही ‘आदरणीय व्यासपीठ’ म्हणूनच सुरुवात करतो. नवागताचे पहिले वाक्य नेहमीच उसने असते. ते उसने आहे म्हणून त्याला हाकलणे ही वाङ्मयीन दृष्टीनेही चूक आहे, आणि ती चूक आपण, अध्यापनाचा व्यवसाय करणाऱ्यांनी, तरी करायला नको होती.

यूजनेटची कथा या संदर्भात नेहमी अर्धीच सांगितली जाते. १९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या दोन विद्यार्थ्यांनी ती कल्पना मांडली आणि १९८० मध्ये ती प्रत्यक्षात आली. विषयवार गट, कोणाच्याही मालकीचे नसलेले, आणि संगणकांनी एकमेकांना पोचवलेले संदेश, असे तिचे स्वरूप. पुढे तिथे मराठीसाठीही स्वतंत्र गट झाला आणि परदेशी शिकणाऱ्या मुलांनी रोमन लिपीत मराठी लिहायची कसरत तिथे केली. एप्रिल १९९४ मध्ये अ‍ॅरिझोनातल्या कँटर आणि सीगल या वकील दांपत्याने ग्रीन कार्डाच्या सोडतीची आपली जाहिरात हजारो गटांवर एकाच वेळी टाकली. तिथून ऱ्हास सुरू झाला, असे सांगतात. घटना खरी आहे. पण तिच्या आधीच एक वेगळी गोष्ट घडली होती. दर सप्टेंबरात अमेरिकी विद्यापीठांत नवे विद्यार्थी येत, त्यांना यूजनेट उपलब्ध होई आणि गटांमध्ये काही आठवडे गोंधळ माजे. जुनी मंडळी कुरकुरत, रागावत आणि शिकवत. नोव्हेंबरापर्यंत नवखे रुळलेले असत. १९९३-९४ च्या सुमारास व्यापारी सेवांनी आपल्या ग्राहकांना हे दार उघडून दिले आणि येणाऱ्यांचा ओघ थांबेचना. तो सप्टेंबर कधी संपलाच नाही, अशी तक्रार तेव्हापासून रूढ आहे.

या तक्रारीत नवख्यांविषयीची तुच्छता सगळ्यांना ऐकू येते. आम्हाला तिच्यात दुसरेच काही ऐकू येते. सप्टेंबर पूर्वीही येतच होता, आणि त्यातून सावरण्याचे काम कुठलीही चाळणी करत नव्हती. ते काम शेजारी करत होते. एका नवख्यामागे समजावणारे दहा जण होते तोवर गट वाढत राहिला. हे प्रमाण उलटे झाले तेव्हा वाढ होतच होती, शिकवण थांबली होती. आणि ज्या जागेत कोणी कोणाला ओळखत नाही तिथे जाहिरातदाराला काय अडचण? कँटर-सीगल यांना जे मैदान मिळाले ते आधीच निर्मनुष्य होऊ लागले होते, भले तिथली गर्दी वाढत असेल. शेवट तर उपहासकथेत शोभावा असा झाला. यूजनेटचा जुना संग्रह गूगलने २००१ मध्ये घेतला आणि आपल्या ‘गूगल ग्रुप्स’मधून त्याला दार दिले. पुढे यूजनेटवरच्या स्पॅमचा मोठा वाटा याच दारातून येतो, असे तिथली जुनी मंडळी सांगू लागली. २२ फेब्रुवारी २०२४ पासून गूगलने आपल्याकडून नवे संदेश टाकण्याची सोय बंद केली, आणि कारण दिले त्यात स्पॅमही होता! यूजनेट त्यानंतरही इतर यंत्रणांवर चालू राहिले आणि दार बंद झाल्याचा तिथल्या अनेकांना आनंदच झाला.

याच्या उलट टोकाचे उदाहरण इंग्रजी विकिपीडियाचे. तिथे पहारा ढिला पडला असे कोणी म्हणणार नाही. २००७ च्या आसपास तिथल्या सक्रिय संपादकांची संख्या शिखरावर पोचली आणि मग उतरत गेली. का उतरली याचा शोध अ‍ॅरन हाफेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात घेतला आहे. खोडसाळपणा झपाट्याने पुसता यावा म्हणून सदस्यांनी साधने बनवली. एका कळीसरशी नव्याचे लेखन रद्द होई आणि त्याच्या पानावर छापील समज चिकटे. साधने आपल्या कामात उत्तम होती. विश्वकोश स्वच्छ राहिला. पण चांगल्या हेतूने आलेल्या नव्या लोकांचे लेखनही वाढत्या प्रमाणात रद्द होऊ लागले, आणि पहिल्याच प्रयत्नाला यंत्राची थप्पड बसलेला माणूस सहसा परत येत नाही, असे या अभ्यासकांना आढळले. पहाऱ्याची किंमत पहारेकऱ्याने मोजली नाही, चोरानेही नाही. ती पाहुण्याने मोजली. यावर त्यांनी काढलेला तोडगा आम्हाला फार आवडतो, कारण त्यात तंत्रज्ञान जवळपास नाहीच. २०१२ मध्ये तिथे ‘टीहाउस’ नावाचे पान सुरू झाले: नवख्यांनी यावे, बावळट वाटणारे प्रश्न विचारावेत आणि जाणत्या यजमानांनी न रागावता उत्तरे द्यावीत. एवढेच.

कॅप्चाबद्दल दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. अ‍ॅलन ट्युरिंगने १९५० साली यंत्र माणसासारखे बोलू शकेल का हे तपासण्याचा खेळ सुचवला. अर्धशतकानंतर आपण तो उलटा केला आणि माणसालाच आपण यंत्र नसल्याचे सिद्ध करायला बसवले. वाकडी अक्षरे वाचा, सिग्नल असलेले चौकोन निवडा. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत अभ्यासात तर या कोड्यांची उत्तरे यंत्रे माणसांपेक्षा लवकर आणि अचूक देतात असे दिसले. म्हणजे कुलूप चोराला उघडता येते आणि घरच्यांना त्रास देते. तरीही ते दारावर लटकलेले आहे, कारण कुलूप दिसले की मालकाला झोप लागते.

परंतु वाचकांपैकी जे लिहितात आणि शिकवतात त्यांच्या दृष्टीने ‘क्लार्क्सवर्ल्ड’चे प्रकरण अधिक जवळचे. विज्ञानकथांचे हे इंग्रजी मासिक २००६ पासून निघते आणि ते कोणाचीही कथा विचारार्थ घेते. २० फेब्रुवारी २०२३ रोजी संपादक नील क्लार्क यांना कथा स्वीकारणे तात्पुरते थांबवावे लागले, कारण त्या एका महिन्यात यंत्राकडून लिहून घेतलेल्या सुमारे पाचशे कथा त्यांच्याकडे येऊन पडल्या होत्या. उपाय सुचवणारे अर्थातच धावून आले: शुल्क लावा, ओळखपत्र मागा, काही देश वगळा, परिचित लेखकांचेच घ्या. क्लार्क यांनी हे मार्ग नाकारले. शुल्काने गरीब लेखक जाईल, ओळख पटवण्याच्या सेवा अनेक देशांत पोचतच नाहीत, आणि नव्यांना वगळून मासिक चालवायचे तर मग ते चालवायचे कशाला, असा त्यांच्या भूमिकेचा आशय होता. मार्चमध्ये त्यांनी दार पुन्हा उघडले. हा संपादक हट्टी आहे असे काहींना वाटले. आमच्या मते संपादक या शब्दाचा अर्थ त्याला ठाऊक होता.

इथे ‘संपादन म्हणजे मुस्कटदाबी’ म्हणणारा वर्ग उठून उभा राहील. मराठी संकेतस्थळांवर हा वाद आम्ही इतक्यांदा वाचला आहे की त्याचे संवाद तोंडपाठ आहेत. एखादा प्रतिसाद उडाला की हुकूमशाही. डुआयडींचा सुळसुळाट झाला की संपादक झोपले होते का. या मंडळींना आमचे सांगणे असे की संपादकाचा निर्णय निदान विचारता येतो, त्याच्याशी भांडता येते, तो चुकल्याचे कबूल करू शकतो. त्या शिक्षिकेला विरोप पाठवायला एक पत्ता तरी होता. चाळणीला पत्ता नसतो. २०२३ च्या जूनमध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या स्थळावरच्या स्वयंसेवी नियंत्रकांनी संप पुकारला तो याच कारणाने. यंत्रलिखित वाटणारी उत्तरे काढून टाकण्याच्या त्यांच्या अधिकारावर कंपनीने बंधने आणली होती. विनावेतन काम करणारी माणसे काम अधिक करू द्या म्हणून संप करतात, हे दृश्य कामगार चळवळीच्या इतिहासात विरळाच. मात्र त्यांची बाजू पूर्ण निर्मळ होती असेही नाही. नवख्यांना आपल्याकडे नीट वागवले जात नाही, अशी कबुली याच स्थळाच्या चालकांनी २०१८ मध्ये जाहीरपणे दिली होती, आणि वर्षानुवर्षे ‘हा प्रश्न आधी विचारला गेला आहे’ म्हणून धागे बंद करणाऱ्यांत हेच नियंत्रक होते. बंधने आणताना कंपनीनेही एक मुद्दा मांडला होता, की यंत्रलेखनाच्या नुसत्या संशयावर खऱ्या माणसांची हकालपट्टी होते. तो मुद्दा तिला सोयीचा होता, तरी खोटा नव्हता.

कारण संशय आता भाषेच्या अंगणात आला आहे. यंत्रलेखन ओळखण्याचा दावा करणाऱ्या साधनांची स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये परीक्षा घेतली, तेव्हा इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राच्या नावावर खपवले. मर्यादित शब्दसंग्रह, सरळ वाक्ये, सावध मांडणी हाच त्यांचा गुन्हा. मराठीत हे कसे वळण घेईल याची कल्पना करणे कठीण नाही. प्रमाणभाषेत जपून लिहिणारा, घरी वेगळी बोली बोलणारा, पाठ्यपुस्तकातून वळण घेतलेला विद्यार्थी चर्चेत उतरला की ‘हे चॅटजीपीटीने लिहून दिलेले दिसते’ हा शेरा त्याची वाट पाहत असेल. कालपर्यंत त्याच्या शुद्धलेखनाची टर उडवणारे आज त्याच्या शुद्धलेखनावरच संशय घेतील. अशुद्ध लिहिले तर अडाणी आणि शुद्ध लिहिले तर बॉट! त्याने करावे काय?

वाढ कशाला म्हणायचे, हेही या निमित्ताने विचारले पाहिजे. मुखपृष्ठावर सदस्यसंख्येचा आकडा झळकवणाऱ्या स्थळांना बॉटांची तक्रार करण्याचा नैतिक अधिकार आम्ही देत नाही. त्या आकड्यात बॉट सुखाने नांदत असतात आणि चालकांना ते माहीत असते. आकडा फुगवायला कोणाची ओळख लागत नाही. माणूस रुजायला लागते. मायबोली १९९६ मध्ये सुरू झाली, मनोगत २००४ मध्ये, मिसळपाव आणि उपक्रम २००७ मध्ये. या जागांच्या कंपूबाजीबद्दल आम्ही कमी लिहिलेले नाही. पण मायबोलीच्या गणेशोत्सवात किंवा दिवाळी अंकाच्या कामात सदस्यांमधूनच संयोजक निवडले जात, नवख्याच्या वाट्याला मुद्रितशोधन, चित्र, पाककृती असे काही येई, आणि त्या कामाच्या निमित्ताने कोणीतरी त्याला नावाने हाक मारी. बॉटाला मुद्रितशोधनाचे बोलावणे जात नाही.

राहिला वेळेचा प्रश्न. प्रत्येक नव्या सदस्याचा पहिला प्रतिसाद माणसाने वाचावा आणि शंका आली तर उडवण्यापूर्वी दोन ओळी लिहून विचारावे, असे आम्ही सुचवतो तेव्हा हसून उत्तर मिळते: एवढी माणसे आणायची कुठून? उघड जाहिरातींचा ढीग यंत्राने उचलावा, त्याला आमची हरकत नाही. आम्हीही ती झाडलोट यंत्राकडेच दिली होती. प्रश्न त्या ढिगाच्या कडेला उरणाऱ्या पाच-दहा प्रतिसादांचा आहे, ज्यांच्याबद्दल यंत्राला खात्री नसते आणि आपल्याला घाई असते. आमच्या स्थळावर असे प्रतिसाद दिवसाला क्वचितच दहाच्या वर जात. ते वाचायला पंधरा मिनिटे लागली असती. त्या रात्री आम्ही तिघे जागे होतो आणि कुठल्याशा कवितेच्या अनुवादावरून एकमेकांना चाळीस प्रतिसाद लिहीत होतो.