बाईसोबत बिऱ्हाडही येतं

2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी जात होतं. त्याच दिवसांत नांदेडच्या मुखेड भागातली कुटुंबं घाटकोपरच्या भटवाडीतल्या मैदानात पालं ठोकून राहिली होती. पाणी गावात आलं नाही, म्हणून गाव पाण्याच्या दिशेने निघालं. या मैदानाच्या बातम्या झाल्या. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेच्या शहरात या बायामुलांना छपराखाली जागा का मिळू नये, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

जागा द्यायचा नियम नाही, असं नव्हे. मोठ्या शहरांत दर लाख लोकसंख्येमागे एक निवारागृह, तेही बारमाही आणि चोवीस तास, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच बजावलं. 2013 मध्ये राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने त्याचं मोजमापही ठरवून दिलं: एका निवाऱ्यात साधारण 100 माणसं, माणशी 50 चौरस फूट. 2011 च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या होती 1 कोटी 24 लाख. म्हणजे सव्वाशेच्या आसपास निवारे हवेत. मुंबई या आकड्याच्या जवळपासही पोचलेली नाही.

पण उद्या हा आकडा गाठला, तरी मुखेडच्या त्या बिऱ्हाडाची सोय होईलच असं नाही. आपले निवारे बहुतांशी एकट्या माणसासाठी असतात: पुरुषांचा वेगळा, बायकांचा वेगळा. दुष्काळातून निघालेली बाई एकटी येत नाही. तिच्यासोबत नवरा असतो, सासू असते, कडेवर एक आणि हाताशी एक पोर असतं. मोठा मुलगा बापाकडे, आई दुसऱ्या वॉर्डात, अशी फाळणी ती का पत्करेल? कुटुंबांसाठी आडोसा असलेले वेगळे निवारे करावेत, असं अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांतच म्हटलं आहे. ती ओळ बहुधा फायलीतच राहते.

त्यापेक्षा पदपथ तिला परवडतो. पहाटे मजूर नाक्यावर चालत पोचता येतं, तीन दगडांची चूल मांडता येते, आधार कार्ड कोणी मागत नाही. पदपथावरची माणसं तिथे रोजगारासाठी राहतात, हे ओल्गा टेलिस खटल्यात 1985 सालीच न्यायालयाने मान्य केलं होतं. या सोयीची किंमतही बाईच मोजते. उजाडण्याआधी अंघोळ उरकायची आणि रात्री वयात आलेल्या मुलीजवळ जागत बसायचं.

‘सोयी केल्या की लोंढे वाढतात’ हा आक्षेप या सदराच्या वाचकांकडूनही येतो. त्यावर माझं उत्तर भटवाडीच देते. तिथे निवारा नव्हता, तरी माणसं आलीच. ती आली विहीर आटल्यामुळे.

आणि कुटुंबांची तात्पुरती सोय करणं प्रशासनाला जमत नाही, असंही नाही. मिठी नदी फुगली की क्रांतीनगरची कुटुंबं महापालिकेच्या शाळेत हलवली जातात. निवडणूक आली की त्याच वर्गखोल्यांची मतदान केंद्रं होतात. दुष्काळ तर पुरासारखा अचानक येत नाही. पावसाळा सरतानाच त्याची चाहूल लागते. तेव्हा मागणी साधी आहे. मजूर नाक्यांपासून चालत जाता येईल असे कौटुंबिक निवारे प्रत्येक वॉर्डात उभे करा. ते होईपर्यंत मे महिन्याच्या सुट्टीत रिकाम्या पडणाऱ्या शाळांचे काही वर्ग, नळ आणि शौचालयं या कुटुंबांना खुली करा. कागदपत्रं नंतर तपासा. यासाठी नवा कायदा लागत नाही, आयुक्तांची एक सही पुरते.